पुणं सोडून मुळशी-वेल्ह्याकडच्या गावात राहायला जायचं का? ठरवायच्या आधी हे करा

पुण्यातला फ्लॅट भाड्यानं देऊन नाहीतर विकून मुळशी, वेल्हे (तालुक्याचं नाव आता राजगड), भोर, मावळ ह्या पट्ट्यातल्या एखाद्या गावात कायमचं जावं का, हे हल्ली खूप जण विचारतात. कुणाचं वर्क फ्रॉम होम आहे, कुणी नुकतंच रिटायर झालंय, कुणाला थोडी शेती करायचीय. मी स्वतः कोथरूड सोडून मुळशीतल्या एका गावात राहतेय, म्हणून माझं मत सुरुवातीलाच सांगते: काहीही विकत घेण्याआधी त्याच गावात, गावठाणात (म्हणजे गावाच्या मूळ वस्तीत) घर भाड्यानं घ्या, एक मे महिना आणि एक अख्खा पावसाळा तिथं काढा आणि मगच ठरवा. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात, म्हणजे आधी रविवारी जाऊन प्लॉट घेतात, टोकन देऊन मोकळे होतात आणि मग पाणी कुठून येणार ते विचारत फिरतात.

पायरी 1: घरातल्या प्रत्येकाचा मंगळवार लिहून काढा

रविवार कुठल्याही गावात छानच जातो, त्यामुळे रविवारचा विचार करू नका. साधा मंगळवार घ्या आणि घरातलं प्रत्येक माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत काय करेल ते कागदावर लिहा. शाळेची गाडी गावापर्यंत येते की फाट्यापर्यंतच येते, सासूबाईंची बीपीची गोळी संपली तर मेडिकल किती लांब, गाडी न चालवणारं माणूस दिवसभर घरात अडकून पडणार का. हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे आणि तो कुणी विचारतच नाही. नवऱ्याला गाव आवडतं, तो गाडी काढून जातो-येतो, आणि बायको किंवा आई डोंगराच्या कुशीतल्या सुंदर घरात एकटी बसते, असं मी आमच्याच भागात बघितलंय. गाडी चालवता येत नसेल तर आधी गाडी शिका, निदान स्कूटर तरी. एसटीच्या भरवशावर राहायचं असेल तर गावात मुक्कामी गाडी येते का ते विचारा, म्हणजे रात्री येऊन थांबणारी आणि पहाटे सुटणारी एसटी. ती असेल तर त्या गावाचा पुण्याशी संबंध पक्का आहे असं समजा, दूधवाले, कॉलेजची पोरं, कामावर जाणारे सगळे तिच्यावरच असतात.

आणि घरातल्या एकाचाही मनापासून नकार असेल तर इथंच थांबा, पुढचं वाचायची घाई नाही.

पायरी 2: दिशा निवडा, कारण पुण्याच्या चारी बाजूंना वेगळं हवामान आहे

पुणे शहरात वर्षाला साधारण 700 ते 750 मिलिमीटर पाऊस पडतो. मुळशी तालुक्याच्या पश्चिम टोकाला ताम्हिणी आहे, तिथं जुलै 2024 मध्ये एकाच दिवसात 500 मिलिमीटरच्या पुढं पाऊस झाला होता. म्हणजे शहराच्या वर्षभराच्या पावसातला मोठा वाटा एका दिवसात. तासा-दीड तासाच्या गाडीच्या अंतरावर इतका फरक पडतो. पिरंगुट, पौडपर्यंत पाऊस सोसण्यासारखा आहे, त्याच्या पुढं घाटाकडं सरकलात की कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते, लाकडी कपाटाला बुरशी धरते, आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. ज्यांना दम्याचा त्रास आहे किंवा उजेड नसला की मन खचतं त्यांनी हे हलक्यात घेऊ नये.

पूर्वेला पुरंदर, शिरूर, बारामतीकडं नेमकं उलट. पुरंदरची अंजीर आणि सीताफळं प्रसिद्ध आहेत, हवा कोरडी आणि छान, पण पाऊस कमी आणि उन्हाळ्यात टँकर. उत्तरेला जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या रोजच्या जगण्यातली गोष्ट आहे, लहान मुलं असतील आणि घर उसाला लागून असेल तर तिथं संध्याकाळनंतर मुलांना अंगणात एकटं सोडता येत नाही.

मी पश्चिमेचं लिहितेय कारण मला तेच माहितीय.

पायरी 3: मे महिन्यात दुपारी जा, जुलैमध्ये रात्री जा

एजंट तुम्हाला सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नेतो, सगळं हिरवं, ओढे वाहतायत, सोनकी फुललीय. तेव्हा बघितलेलं काही खरं धरू नका.

मेच्या मध्यावर जा आणि हंड्यांची रांग कुठं आहे ते बघा. आमच्या भागात ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण अगदी शब्दशः खरी आहे. मुळशी धरण टाटांचं, त्याचं पाणी वीज तयार करायला खाली कोकणात भिऱ्याला जातं, पानशेत-वरसगाव-टेमघरचं पाणी खडकवासल्यातून शहराला आणि कालव्याला जातं, आणि धरणाच्या वरच्या अंगाच्या वाड्या एप्रिलनंतर टँकरकडं डोळे लावून असतात. जलजीवन मिशनमध्ये नळ आलेत, कागदावर माणशी रोज 55 लिटर आहे, पण नळ असणं आणि नळाला पाणी येणं वेगळं, म्हणून घरमालकाला न विचारता पाणवठ्यावरच्या बायकांना विचारा, “मावशी, मे महिन्यात पाणी किती दिवसांनी सुटतं?” त्या एकदम खरं सांगतात. बोअरबद्दल कुणी म्हणालं की ‘दोनशे फुटाला भरपूर पाणी आहे’ तर शेजारच्या बोअरला उन्हाळ्यात काय होतं ते विचारा. हा सगळा काळा बेसाल्ट खडक आहे, पाणी भेगांमध्ये असतं, त्यामुळं एका बोअरला धो-धो आणि पन्नास फुटांवरची दुसरी कोरडी असं सर्रास होतं.

जुलैमध्ये जाल तेव्हा मुक्काम करा आणि लाईटचं बघा. गावात लाईटचे दोन प्रकार असतात हे शहरातल्या लोकांना ठाऊकच नसतं. गावठाणाचा फीडर (सबस्टेशनवरून येणारी लाईन) वेगळा, त्यावर बऱ्यापैकी दिवसभर लाईट असते, आणि शेतीपंपाचा फीडर वेगळा, त्यावर ठरावीक तासच थ्री फेज मिळते, कधी दिवसा कधी रात्री, पाळी बदलत राहते. घर शेतात असलं आणि कनेक्शन शेतीच्या लाईनवरून आलेलं असलं तर तुमचा फ्रिज, वायफाय आणि ऑफिसची मीटिंग त्या वेळापत्रकावर चालेल. घर बघायला गेलात की पहिला प्रश्न हाच, “ही लाईन गावठाणाची की शेतीची?” आणि दुसरा प्रश्न, डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, कुठं आहे. पावसात झाड पडून तार तुटली तर दोन-दोन दिवस जातात, वायरमन एकटा आणि गावं बरीच. इन्व्हर्टर घ्यावाच लागतो. लाईट गेल्यावर मोबाईलचा टॉवरही थोड्या वेळानं मान टाकतो, म्हणून रेंज बघताना लाईट गेल्यानंतर तासाभरानं बघा, आणि घराच्या आत बघा, गच्चीवर नको.

रस्त्याचंही तेव्हाच कळतं. फरशी पूल पाण्याखाली गेला की गाव तुटतं. किती वेळ तुटतं ते गावकऱ्यांना तोंडपाठ असतं.

पायरी 4: रात्री दोन वाजता काय, हे आधी सोडवून ठेवा

ह्यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे कारण इथं चूक परवडत नाही. भात खाचरं, गवत, दगडी बांध, उंदीर, म्हणजे साप आलेच. घोणस, फुरसं, मण्यार, नाग हे चारही आपल्याकडं आहेत. गावातले लोक घाबरत नाहीत पण काळजी घेतात, अंधारात टॉर्चशिवाय पाऊल टाकत नाहीत, चप्पल झटकून घालतात, जमिनीवर झोपणार असतील तर मच्छरदाणी खोचून घेतात. मण्यार रात्री चावते आणि कळतही नाही, त्यामुळं पहाटे पोटात दुखतंय, पापण्या जड झाल्यात असं कुणी म्हणालं तर त्याला ॲसिडिटीची गोळी देऊन झोपवू नका.

राहायला जायच्या आधी एक दिवस फक्त ह्यासाठी द्या. जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठलं (मुळशीला पौड आहे, वेल्ह्याला वेल्हे गावात आहे, भोरला उपजिल्हा रुग्णालय आहे), तिथं स्वतः जाऊन विचारा की सर्पदंशाचं इंजेक्शन स्टॉकमध्ये आहे का, रात्री डॉक्टर मुक्कामी असतात का, आणि पुढं पाठवायची वेळ आली तर ससूनला पाठवतात की आणखी कुठं. 108 ची गाडी तुमच्या गावात यायला साधारण किती वेळ लागतो ते आशाताईंना विचारा, त्यांना सगळ्यात बरोबर माहिती असते. गाडी यायला वेळ लागणार असेल तर गावात रात्री हाकेला येणारा जीपवाला कोण, त्याचा नंबर फ्रिजवर लावा. घरात हार्टचा पेशंट असेल, डायलिसिस चालू असेल, बाळंतपण जवळ असेल तर माझं स्पष्ट मत आहे की पौडच्या पुढं जाऊ नका, निदान तेवढं वर्ष तरी.

पायरी 5: गावठाणात घर भाड्यानं घ्या

गावाबाहेरच्या कंपाउंडमधल्या बंगल्यात राहिलात तर तुम्हाला डोंगर दिसेल, गाव दिसणार नाही. गावठाणातलं घर थोडं जुनं असेल, शेजारी गोठा असेल, पहाटे कोंबडा आणि काकड्याचा आवाज येईल, पण दोन महिन्यांत तुम्हाला कळेल की कुणाचं कुणाशी पटतं, कुठल्या जमिनीवर भाऊबंदकी चालूय, खरं पाणी कुठं आहे. ही माहिती कुठल्याच वकिलाकडं किंवा एजंटकडं मिळत नाही. 11 महिन्यांचा करार करा आणि सुरुवात एप्रिल-मेमध्ये करा, म्हणजे पाण्याची टंचाई आणि पाऊस दोन्ही त्यात येतं. गावात भाड्याच्या घराची जाहिरात कुठं नसते, दुकानात, दूध डेअरीवर, देवळात विचारावं लागतं. पहिला प्रश्न तुम्हालाच येईल, “कुणाकडं आलाय?” कारण गावात माणूस कुणाच्या तरी ओळखीनं येतो, म्हणून ओळख काढूनच जा, ऑफिसातला कुणी, भाजीवाली, रिक्षावाला, पुण्यात मुळशी-वेल्ह्याची माणसं सगळीकडं आहेत.

वर्षभरात कामाचा हिशेबही होतो. चांदणी चौकातला पूल 2023 मध्ये झाला पण भूगाव आणि पिरंगुटची कोंडी काही संपलेली नाही, त्यामुळं ऑफिसला आठवड्यातून दोनदाच जायचंय असं म्हणत असाल तर ते दोन दिवस पीक अवरला सलग तीन महिने करून बघा.

मुलांच्या शाळेचा निर्णय ह्याच वर्षात होतो. झेडपीच्या शाळेला न बघता नाव ठेवू नका, वर्गात जाऊन बसा. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या झेडपी शाळेचं 2025 मध्ये जगभर कौतुक झालं. सगळ्या शाळा तशा नसतात, दोन शिक्षक आणि चार वर्ग अशाही आहेत, आणि शाळा चांगली की वाईट हे बहुतेक वेळा त्या एक-दोन शिक्षकांवर ठरतं, त्यांची बदली झाली की चित्र बदलतं. खरी अडचण चौथी-सातवीनंतर येते, तेव्हा पुढचं हायस्कूल कुठं आणि मुलगी तिथं कशी जाणार हे आज विचारून ठेवा.

पायरी 6: गावाच्या रीतीत स्वतःला बसवून बघा

ग्रामदैवताच्या यात्रेची वर्गणी येईल, हरिनाम सप्ताहाची पंगत येईल. द्या आणि जा. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मयत. गावात कुणी गेलं की प्रत्येक घरातलं माणूस जातं, दहाव्याला जातं, तुम्ही गेलात की त्या दिवसापासून लोक तुम्हाला नावानं ओळखायला लागतात. मला ‘पुण्याच्या मॅडम’वरून ‘वहिनी’ व्हायला असेच प्रसंग लागले. बायकांसाठी बचत गट हा सगळ्यात सोपा दरवाजा आहे, आणि भात लावणीच्या वेळी शेजारच्या खाचरात अर्धा दिवस हात लावा, चिखलात कंबर मोडते पण वर्षभराची ओळख होते.

काही गोष्टी त्रासदायक वाटतील. उन्हाळ्यात शेतात राब भाजतात, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन पालापाचोळा-शेण टाकून जाळतात, धूर होतो. लग्नसराईत डीजे वाजतो. कचऱ्याची गाडी सगळीकडं येत नाही. आल्या आल्या ग्रामपंचायतीत तक्रार घेऊन जाऊ नका, आधी ग्रामसभेला नुसतं बसा. वर्षात निदान चार ग्रामसभा होतात, 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर ह्या तारखांना सहसा असतातच, तिथं अर्ध्या तासात गावाचे खरे प्रश्न कळतात.

आणि एक लक्षात असू द्या, इथल्या लोकांचं जमिनीशी नातं दुखरं आहे. 1921 साली सेनापती बापटांच्या बरोबर मुळशीकरांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तरी गावं पाण्याखाली गेलीच. नंतर आणखी धरणं झाली, मग कंपन्या, फार्महाऊस, टाउनशिप. आजोबांनी विकलेल्या जमिनीवर नातू वॉचमन आहे अशी घरं तुम्हाला भेटतील. त्यामुळं तुम्ही जमीन घ्यायला आलात म्हटल्यावर काही जण गप्प होतात, ते त्यांचं बरोबरच आहे.

पायरी 7: हे सगळं झालं, अजून राहावंसं वाटतंय, तर आता कागद

पहिली गोष्ट, महाराष्ट्रात शेतजमीन शेतकरीच घेऊ शकतो. कूळ कायद्याचं कलम 63. तुमच्या किंवा वडिलांच्या नावावर कुठंही सातबारा नसेल तर परवानगीशिवाय घेतलेली शेतजमीन सरकारजमा होऊ शकते, एजंट काहीही सांगू दे. अशा लोकांना गावठाणातलं घर किंवा खरंखुरं एनए (बिगरशेती) झालेलं प्लॉट हे दोनच सरळ रस्ते आहेत.

दुसरी गोष्ट, ‘अकरा गुंठ्यांचं फार्महाऊस प्लॉट’. 40 गुंठ्यांचा एकर. तुकडेबंदीमुळं, म्हणजे शेतजमिनीचे छोटे तुकडे करायला बंदी असलेल्या कायद्यामुळं, 2023 पासून जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठ्यांची किमान मर्यादा आहे, 2025 मध्ये काही सवलती आल्या पण त्या सगळ्या जमिनींना लागू नाहीत. त्याखालचा तुकडा विकताना सामाईक सातबाऱ्यावर दहा-बारा अनोळखी लोकांची नावं एकत्र चढवतात, मग हद्द कुणाची कुठं ह्यावरून आयुष्यभर वाद.

सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ हा रकाना सावकाश वाचा, कूळ, बँकेचा बोजा, ‘पुनर्वसनासाठी राखीव’, खाजगी वनाची नोंद, भोगवटादार वर्ग 2 (विकायला सरकारी परवानगी लागणारी जमीन), ह्यातलं काहीही दिसलं तर वकिलाकडं गेल्याशिवाय पुढं जाऊ नका. फेरफार मागं जितके मिळतील तितके काढा, 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या, आणि वारसांत बहिणींची नावं आहेत का बघा, बहिणींना न विचारता झालेले व्यवहार पुढं कोर्टात जातात. सरकारी मोजणी आधी, पैसे नंतर. रस्ता नकाशावर आहे की नुसती वहिवाट आहे हे तलाठ्याकडं विचारा (आता पद ग्राम महसूल अधिकारी झालंय, लोक अजून भाऊसाहेबच म्हणतात). रिंगरोडची आखणी मुळशी, मावळ, भोर, पुरंदर, हवेली ह्या तालुक्यांतून जाते, तुमचा गट नंबर त्यात नाही ना ते बघा.

उतारावरचं, डोंगर कापून सपाट केलेलं प्लॉट घेऊ नका, कितीही व्ह्यू असला तरी. 30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली. आमच्या भागातही तसेच डोंगर आणि तसाच पाऊस आहे.

शहराच्या अगदी लगतचं गाव घेत असाल तर आणखी एक. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं पुणे महापालिकेत गेली, बावधन, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे वगैरे. गाव म्हणून घेतलेली जागा दहा वर्षांत उपनगर होते, टॉवर उभे राहतात. ते चालणार असेल तर घ्या.

पायरी 8: निर्णय

दिवाळीच्या आसपास घरातल्या सगळ्यांनी बसून बोला. मे आणि जुलै दोन्ही काढून कुणी आजारी पडलं का, कामावर परिणाम झाला का, महिन्याचा खर्च खरंच कमी झाला का (पेट्रोल आणि इन्व्हर्टर धरून, बहुतेकांचा तेवढा कमी होत नाही), गावात तुम्हाला हाक मारणारी चार घरं झाली का. एखाद्याचं उत्तर नाही आलं तर आणखी एक वर्ष भाड्यानं राहायला काही हरकत नाही, आणि परत पुण्याला जायला तर अजिबातच हरकत नाही, गावकरीही सुट्टीला आलात की चहाला बोलावतीलच.

उत्तर हो असेल तर पुण्यातला फ्लॅट लगेच विकू नका, भाड्यानं द्या, निदान गावचं घर नावावर होऊन नमुना 8 वर (ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदवहीत) नोंद होईपर्यंत. गॅसचं कनेक्शन जवळच्या एजन्सीकडं ट्रान्सफर करा, आधार आणि मतदार यादीतला पत्ता बदला, आणि घराची दुरुस्ती डिसेंबर ते एप्रिलमध्ये उरका. कौलं चाळणं, पत्र्याचे हुक, पागोळ्यांची चारी, शोषखड्डा हे सगळं मे संपायच्या आत व्हायला हवं, कारण जूनमध्ये गवंडी मिळत नाही, तो स्वतःच्या खाचरात असतो.